झील मुंबैक आसा: सिंधुदुर्गात माणसं नेमकी किती?

२०११ सालच्या फेब्रुवारीत शाळेतल्या बाई जनगणनेचा कागद घेऊन आमच्या मालवणजवळच्या घरी आल्या, तेव्हा आजी खळ्यात बसून कुळीथ पाखडत होती. घरात माणसं किती, असं बाईंनी विचारल्यावर तिने बोटांवर मोजून नऊ सांगितली. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं, ती आणि आजोबा. बाईंनी पुढचा प्रश्न केला, या महिन्यात इथे राहतंय कोण? उत्तर निघालं दोन. कागदावर दोनच लिहिले गेले. मे महिन्यात मी गावी गेलो तेव्हा आजीचा राग गेला नव्हता. "झील मुंबैक आसा म्हणान तो घरातलो नाय काय?" झील म्हणजे मुलगा.

न मोजलेल्या त्या सातांत मी होतो. आजीचा हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि सिंधुदुर्गाच्या लोकसंख्येचे आकडे समजून घ्यायला त्याच्याइतकी चांगली सुरुवात मला अजून सापडलेली नाही.

आधी आकडे. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, ती ८,६८,८२५ होती. म्हणजे १९ हजारांहून थोडी जास्त माणसं कमी झाली, सुमारे २.२ टक्के. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. १२१ किलोमीटरचा किनारा, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, शिरोडा अशी पुळण, म्हणजे वाळूचे किनारे, किल्ले, आंबा, काजू, मासे, वर साक्षरता ८५ टक्क्यांच्या पुढे. असा जिल्हा रिकामा का होतो?

लोकसंख्या बदलते ती चारच वाटांनी: जन्म, मृत्यू, येणारे आणि जाणारे. सिंधुदुर्गात जन्म कमी आहेत. शिकलेल्या कुटुंबांत एक-दोन मुलांवर थांबणं इथे केव्हाच रुजलंय. दुसरीकडे म्हाताऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे. २०११ मध्ये राज्यात साठीपुढची माणसं साधारण दहा टक्के होती, सिंधुदुर्गात त्याहून बरीच जास्त. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे आरोग्य चांगलं असूनही दर हजारी मृत्यू जास्तच दिसतात. त्यामुळे जन्म वजा मृत्यू ही शिल्लक मुळात लहान उरते. त्यातून तरुण बाहेर पडले की बेरीज उणे व्हायला वेळ लागत नाही.

आता आजीचा प्रश्न. जनगणना माणसाला घराण्याप्रमाणे मोजत नाही, नेहमीच्या वास्तव्याप्रमाणे मोजते. २०११ मध्ये मोजणीचा काळ होता ९ ते २८ फेब्रुवारी. या दिवसांत कधीही नेहमीच्या घरी असलेला माणूस त्या घरात धरायचा, आणि सगळाच काळ बाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे. नियम योग्य आहे. नाहीतर एकच माणूस डोंबिवलीतही मोजला जाईल आणि मसुऱ्यातही. पण या नियमाचं एक टोक पाहा. देवगडातल्या आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी फेब्रुवारीभर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतो. तो सिंधुदुर्गात मोजला जातो. बागेचा मालक ठाण्यात नोकरी करतो, तो सिंधुदुर्गात मोजला जात नाही. गावाच्या बागा कुणाच्या आणि गावात घाम कुणाचा, ही दोन उत्तरं इथे वेगळी झालीत, आणि जनगणना दुसऱ्याचीच नोंद घेते.

पहिल्याची नोंद सातबाऱ्यावर असते. आमच्या एका सामायिक तुकड्याच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. त्यातली चार माणसं गावात राहतात. बाकीची मुंबई, पुणे, बडोदा इथे आहेत आणि दोघे तर हयातही नाहीत. तो तुकडा विकायचा, कुणाला कसायला द्यायचा, त्यावर काजू लावायचा, तर सह्या तेवीस हव्यात. म्हणून तो पड राहतो. सिंधुदुर्गात इतकी जमीन गवताखाली आणि रानाखाली का गेली, याचं कारण लोक आळस किंवा पाऊस यांत शोधतात. मला ते सातबाऱ्यावरच्या गर्दीत जास्त दिसतं. गावात माणसं कमी आणि कागदावर दाटी, अशी ही गोष्ट आहे.

आणि माणूस हलला की रान पुढे सरकतं. वांदर आता घरामागच्या परड्यातला नारळ ठेवत नाहीत. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरू लागले, त्यांनी केळी-पोफळीच्या बागायती झोपवल्या. शेती सोडली म्हणून जनावरं आली की जनावरं आली म्हणून शेती सोडली, हे आता कुणी नीट वेगळं करून सांगू शकत नाही. दोन्ही एकमेकांना ढकलतात.

माणसं मुंबईला जायला लागली ती आजकाल नव्हे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, मालवण आणि विजयदुर्ग ही नांदती बंदरं होती. घाटावर रेल्वे आली, माल बोरघाटातून मुंबईला उतरू लागला, आणि दक्षिण कोकणची बंदरं मागे पडली. जमीन थोडी, त्यात जांभा दगडाचा कातळ, भाताचं पीक एक, जिथे पाणी टिकतं तिथे वायंगण, म्हणजे भाताचं दुसरं पीक. घरात भावंडं चार असतील तर त्या भातावर दोघंच जगणार. उरलेले आगबोटीने गिरणीत गेले. गिरणगावात गावागावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस बाप्ये पाळीपाळीने झोपत, जेवायला खानावळ, आणि महिन्याच्या पगारातून गावी मनीऑर्डर. बायको, मुलं, आईबाप गावातच. चाकरमानी हा शब्द या व्यवस्थेत रुजला. चाकरी तिकडे, मान इकडे, असा मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावतो, व्युत्पत्ती म्हणून नाही.

ही व्यवस्था आकड्यांत लखलखीत दिसते. २००१ मध्ये सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या. त्याआधी हा आकडा आणखी जास्त होता. राज्यात तो हजाराच्या खाली. काही वेळा हा आकडा 'कोकणात मुलीचा सन्मान आहे' याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. सन्मान असेलही, पण हा आकडा ते सिद्ध करत नाही. त्यासाठी शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा आकडा बघायचा असतो, आणि तिथे सिंधुदुर्गही हजाराच्या बराच खाली आहे. मोठ्या वयात स्त्रिया जास्त दिसतात, कारण पुरुष मुंबईत मोजले जातात.

खरं लक्ष देण्यासारखं २०११ मध्ये घडलं. हा आकडा १,०७९ वरून १,०३६ वर आला. पुरुष परत आले असा याचा अर्थ लावायचा मोह होतो. पण पुरुष परत आले असते तर एकूण लोकसंख्या घटली नसती. माझ्या मते झालं ते असं की पूर्वी घोव जायचा आणि बायको राहायची, आता दोघं जातात, पोरांना घेऊन. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. काही चाकरमानी गावी परतले. ज्यांच्या मुलांनी मुंबईत दुसरी वाट धरली, त्यांनी खोली सोडून विरार, नालासोपारा, बदलापूर, दिवा इथे घर केलं. खोलीत संसार मावत नव्हता, वन रूम किचनमध्ये मावला. मग बायको-मुलं तिकडेच राहिली.

याची दुसरी बाजू त्याच जनगणनेत आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. पहिले दोन म्हणजे जिथून माणसं निघाली, आणि तिसरा म्हणजे लालबाग-परळ-गिरगाव, जिथे ती पूर्वी जाऊन राहिली. ठाणे जिल्हा मात्र त्याच दशकात एक कोटी दहा लाखांवर पोचला. गाव आणि चाळ दोन्ही रिती होऊन माणसं तिसऱ्याच ठिकाणी गेली. हे तीन आकडे शेजारी ठेवले की मला आमच्या घराण्याची वंशावळ वाचल्यासारखं वाटतं.

गोव्याशी तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. वाळू तीच, माड तेच, बोलीही बहीण शोभावी अशी. २०११ मध्ये सिंधुदुर्गात चौरस किलोमीटरला १६३ माणसं होती आणि गोव्यात ३९४. सिंधुदुर्गात शहरांत राहणारे साडेबारा टक्के, गोव्यात ६२. गोव्याची लोकसंख्या त्या दशकात आठ टक्क्यांच्या आसपास वाढली, तीही मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांमुळे. समुद्रकिनारा माणसं खेचतो असं म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवावेत. किनारा एकटा कुणाला खेचत नाही. गोव्याकडे मुरगाव बंदर होतं, विमानतळ होता, वैद्यकीय महाविद्यालय होतं, खाणी होत्या, विद्यापीठ होतं, आणि स्वतःचं सरकार होतं. सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचं दक्षिण टोक होता. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये. चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि सव्वा वर्षात सीमेपलीकडे मोपाचा मोठा विमानतळ सुरू झाला. आजही मोठं दुखणं आलं की आमच्याकडे पहिलं नाव निघतं बांबोळीचं, म्हणजे गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाचं. दोडामार्ग-सावंतवाडीची पोरं सकाळी दुचाकीवर गोव्यात कामाला जातात आणि रात्री घरी परततात. ती सिंधुदुर्गातच मोजली जातात, पण त्यांचा दिवस गोव्याचा असतो.

१६३ हा आकडाही सरासरी आहे आणि सरासरीत इथली वस्ती दिसत नाही. देशावर गाव म्हटलं की एका जागी दाटलेली घरं. आमच्याकडे गाव म्हणजे आठ-दहा वाड्या, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला पाणंद, मध्ये कातळाचा सडा किंवा मळा, प्रत्येक घराला गडगा घातलेलं परडं. घरं इतकी पांगलेली की नळाची लाइन, रस्ता, एसटी, शाळा, प्रत्येक गोष्ट माणशी महाग पडते. वाडीतली दहा घरं बंद झाली की उरलेल्या चार घरांचा रस्ता कुणाच्या यादीत बसत नाही. पटसंख्या घटली म्हणून शाळेवर टांगती तलवार येते, आणि शाळा गेली की उरलेलं तरुण जोडपंही कुडाळला किंवा मुंबईला जायचं ठरवतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा कोकण विभाग दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. ते हुशार पोर पुढे काय शिकेल आणि शिकल्यावर कुठे नोकरी करेल, याचं उत्तर जिल्ह्यात क्वचित मिळतं.

आकड्यांचा हिशेब राजकारणातही होतो. २००१च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची फेररचना २००९च्या निवडणुकांत लागू झाली. त्याआधी जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ होते: देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी. नंतर तीन उरले: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. नावं जरा वाचा. समुद्रावरची तिन्ही गावं नकाशावरून मतदारसंघ म्हणून गेली आणि महामार्ग-रेल्वेच्या पट्ट्यातली नावं राहिली. राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघही त्याच वेळी संपला. जिल्ह्याचं वजन किनाऱ्यावरून आत सरकलं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे लिहिलेलं मला माहीत नाही. बंदराचा जमाना गेला, तिठ्यावर आणि स्टेशनाजवळ बाजार भरायला लागला.

मग किनाऱ्यावर आज कोण राहतं? पर्यटकाला पुळण रिकामी दिसते म्हणून ती कुणाचीच नाही असं वाटतं. ती कामाची जागा आहे. गाबीत आणि इतर मच्छीमार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे रापण ओढतात. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धगोल मारून येते, मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं धरतात आणि ओढतात. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. म्हाताऱ्यालाही वाटा, हात लावणाऱ्या पोरालाही वाटा. या पद्धतीला हात लागतात, तीस-चाळीस तरी. वाडीतले तरुण कमी झाले की रापणीला हात मिळत नाहीत. त्याच वेळी समोर पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या जाळ्यांच्या, मोठ्या नौका आणि एलईडी दिव्यांवर मासे ओढणारे आले, तेव्हा किनाऱ्याजवळ येणारा मासाच घटला. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा झगडा संपलेला नाही. लोकसंख्येच्या लेखात मासेमारी कशाला, असं वाटू शकेल. पण वाडीत माणूस टिकण्याचं कारण उत्पन्न असतं, आणि किनाऱ्यावर ते उत्पन्न म्हणजे बांगडा, तारली, सुरमई.

दुसरं उत्पन्न पाहुण्यांचं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुष्कळ वर्षं तो फक्त फलकावर होता. नंतर तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आलं, निवास व न्याहारी योजनेत लोकांनी आपल्याच घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या, मासेमारीच्या होड्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे आणि संगमाकडे फेऱ्या मारू लागल्या. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे गेलं की मला आमच्या आतल्या गावांपेक्षा वेगळं काहीतरी दिसतं: पंचविशी-तिशीतली पोरं. जी मुंबईला गेली असती ती इथे होडी चालवतात, बायको सोलकढी आणि वडे करते, आई हिशेब ठेवते. हे उत्पन्न आठ महिन्यांचं आहे, पावसाळ्यात सगळं बंद, आणि समुद्र दरवर्षी थोडी पट्टी खातो. तरीही, माणूस गावात ठेवण्याचं जे काम मोठ्या घोषणांना जमलं नाही, ते या दोन खोल्यांनी केलं असं मी मानतो. खंत एवढीच की हे मालवणच्या आजूबाजूला झालं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वैभववाडीला किंवा दोडामार्गच्या आतल्या वाड्यांना समुद्र नाही, आणि त्यांच्यासाठी अजून असा कुठला धागा सापडलेला नाही. काजू तो होऊ शकेल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेल्या जाती आज दूरदूर लागतात, प्रक्रियेचे कारखानेही गावोगाव आहेत. पण काजूला जमीन लागते, आणि जमिनीवर पुन्हा तेवीस सह्या.

गणपतीत हा सगळा हिशेब उलटा होतो. रेल्वे जादा गाड्या सोडते, महामार्ग भरून वाहतो, शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्ल्या परत मागितल्या जातात आणि वर्षभर बंद असलेली घरं उघडतात. दोन माणसांच्या आमच्या घरात त्या दिवसांत पंगत दोनदा बसते. विहिरीला पाणी तेवढंच, ट्रान्सफॉर्मर तोच, कचरा उचलायला माणसं तीच. ग्रामपंचायतीचा निधी बऱ्याच अंशी लोकसंख्येवर ठरतो, आणि ती लोकसंख्या फेब्रुवारीतली. म्हणून ज्यांची मोजणी झाली त्यांच्या पैशांत, ज्यांची झाली नाही त्यांचाही भार पेलायचा असतो. किनाऱ्यावरच्या पंचायतींना तर पर्यटकांचाही. इथल्या पाण्याची, दवाखान्यांची, सांडपाण्याची आखणी करताना वर्षभराची चढउतार मोजायला हवी, असं मला मनापासून वाटतं. वर्षातले दहा महिने म्हाताऱ्यांना दवाखाना जवळ लागतो आणि दोन महिने गर्दीला पाणी लागतं. या दोन गरजा वेगळ्या आहेत, आणि ८,४९,६५१ या एका आकड्यातून त्यातली कुठलीच धड कळत नाही.

गावाकडे मोजण्याची स्वतःची रीत आहे. देवळात गाऱ्हाणं घालताना मानकरी बारा-पाचाच्या देवाला हाक मारतो आणि गावातल्यांसाठी मागून झालं की परमुलखात पोटासाठी गेलेल्या लेकरांचं मागतो. त्यांची नोकरी राहू दे, त्यांच्या वाटेतली विघ्नं दूर होऊ दे. सभोवतालचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." त्या यादीत आम्ही सातही जण होतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. २०२१ ची हुकल्यामुळे मधली सोळा वर्षं आपण २०११च्याच आकड्यांवर बोलतोय. मोजणी पुन्हा फेब्रुवारीत असेल, आणि साधारण याच सुमाराला आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा येते. तिची तारीख पंचांगाने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. समजा जत्रा नेमकी मोजणीच्या दिवसांत आली, तर लाखो माणसं मालवण तालुक्यात असतील. आमचं घर उघडं असेल आणि खळ्यात चपला मावणार नाहीत. पण बाई कागद घेऊन आल्या तर आम्ही सगळे आपापला डोंबिवली-ठाण्याचा पत्ता सांगू, कारण नियम तोच आहे. आजोबा २०१६ मध्ये गेले. आजी आता एकटीच असते. तिच्या घरापुढे यावेळी एक लिहिलं जाईल.